परत मागवलेल्या सलामीने घर आजारी पडलं. भरपाई मागता येते का?

डिचोलीचा_दिनू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कंपनी, दुकान आणि हॉस्पिटल यांची नावं मी मुद्दाम घेत नाही. तुम्हीही अंदाज बांधू नका, ही विनंती.

श्रावणातल्या रविवारी धाकट्याचा वाढदिवस होता. घरची माणसं, वाड्यावरची पोरं, काही शेजारी. सँडविच दोन प्रकारची केली होती, चिकन सलामीची आणि काकडी-चीजची, कारण वाड्यावर निम्म्याहून जास्त लोक श्रावण पाळतात. (आम्ही पाळत नाही. टोमणे मारायचे ते आत्ताच मारून घ्या.) सलामी पाकीटबंद, न शिजवता थेट खायची, जवळच्याच पोसऱ्यावरून (दुकानातून) आणलेली. सोमवारी रात्री पपांना थंडी वाजून ताप आला, मग जुलाब. पाठोपाठ मोठा मुलगा, मग शेजारची दोन पोरं. पोरं ओआरएसवर सावरली. पपांना मात्र दाखल करावं लागलं, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं (म्हणजे मूत्रपिंडावर ताण), डॉक्टरांनी डायलिसिसचा शब्दही काढला होता. सुदैवाने ती वेळ आली नाही. स्टूल कल्चरमध्ये (शौचाच्या नमुन्यातले जंतू वाढवून बघतात ती तपासणी) साल्मोनेला हा जंतू निघाला. पपा आता घरी आहेत, पण काठीशिवाय अंगणात जात नाहीत.

हे सगळं होऊन गेल्यावर पेपरात कंपनीची जाहिरात दिसली. अमुक बॅचची सलामी ‘सूक्ष्मजैविक निकष पूर्ण करत नसल्याने’ परत मागवली आहे, पाकीट दुकानात देऊन पैसे घ्यावेत. बायकोने उरलेलं अर्धं पाकीट फ्रीझरमध्ये टाकलेलं होतं. काढून बघितलं तर बॅच तीच.

टोल फ्री नंबरवर फोन केला. बाई नम्र होत्या. नंतर ईमेल आला: पाकिटाची किंमत, वर एक गिफ्ट हँपर, आणि सोबत सहीसाठी कागद, ‘या उत्पादनासंबंधी माझा यापुढे कोणताही दावा राहणार नाही.’

पपा म्हणतात सोडून दे. मला सोडवत नाही. कुठे जायचं, काय मागायचं, आणि यातून खरंच काही निघतं का?

---

म्हापशेकार

निघतं ना. हँपर निघतो. त्यात त्याच कंपनीची सलामी नसली म्हणजे मिळवलं.

२०१८ चा जुलै आठवतो का? मडगावच्या घाऊक मासळी बाजारात फॉर्मेलिन सापडलं म्हणाले, मग तेच ‘मर्यादेत आहे’ म्हणाले, मग बाहेरची मासळी बंद केली. गावभर चर्चा, विधानसभेत गोंधळ. एका तरी गोंयकाराला भरपाई मिळाली का? आपल्याकडे पदार्थ परत मागवतात तो कंपनीची इभ्रत वाचवायला.

---

काळा_कोट

दिनूबाब, आधी त्या कागदाचं बघू. सही करू नका. पाकिटाचे पैसे घ्यायला हरकत नाही, पण पावतीवर स्वतःच्या हाताने लिहा: ‘ही रक्कम फक्त पाकिटाच्या किमतीपोटी, आजारपणाच्या दाव्याला बाधा न आणता.’ त्यांना हे चालत नसेल तर पैसे राहू देत. आणि मुख्य म्हणजे पाकीट दुकानात परत देऊ नका. जाहिरात ‘परत द्या’ म्हणते, पण तुमच्याकडचा तो एकमेव वस्तुरूप पुरावा आहे. परत गेलेला माल शेवटी नष्टच करतात.

आता म्हापशेकारांचा मुद्दा. त्यांचा राग समजतो, पण त्या मासळीचा आणि या पाकिटाचा फरक मोठा आहे. मासळीच्या ट्रकवर बॅच नंबर नव्हता, कोणी खाऊन कल्चर करून घेतलं नव्हतं. इथे बॅच आहे, उत्पादकाचा चौदा आकडी एफएसएसएआय (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक पाकिटावर छापलेला आहे, आणि रुग्णाच्या पोटातला जंतू कागदावर आहे. असा दावा वकिलाला क्वचित मिळतो.

तरी एक गैरसमज आधीच काढून टाका. माल परत मागवला म्हणजे कंपनीने कबुली दिली, असं होत नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ च्या कलम २८ खाली, आणि २०१७ च्या परत मागवण्याच्या नियमांखाली, धोका दिसताच माल बाजारातून काढणं हे त्यांचं कर्तव्यच आहे. कोर्टात ते म्हणतील, आम्ही जबाबदारीने वागलो, संपूर्ण बॅच सावधगिरी म्हणून काढली, याच पाकिटात जंतू होता हे कशावरून? आणि असला तरी यांच्या वडिलांना त्यानेच बाधा झाली हे कशावरून? म्हणजे साखळी तुम्हाला जोडायची आहे: हे पाकीट त्याच बॅचचं, त्या बॅचमध्ये अमुक जंतू, तोच जंतू रुग्णाच्या पोटात, आणि तो दुसरीकडून आलेला नाही. पहिला आणि तिसरा दुवा तुमच्याकडे आहे. दुसरा आणि चौथा मिळवायचा.

वाटा दोन आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. एक, वरच्याच कायद्याचं कलम ६५. असुरक्षित अन्नाने इजा झाली तर न्यायनिर्णय अधिकारी किंवा कोर्ट भरपाई द्यायला लावू शकतं. मृत्यू असेल तर किमान पाच लाख, गंभीर इजा असेल तर तीन लाखांपर्यंत, इतर इजेला एक लाखापर्यंत. ही वाट अन्न आणि औषध प्रशासनाच्या तपासावर अवलंबून, त्यांचा नमुना, त्यांचा अहवाल. या कायद्याखालच्या गुन्ह्यांना एका वर्षाची मुदत आहे, आयुक्तांनी कारणं नोंदवून परवानगी दिली तर तीन वर्षं.

दोन, ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ‘उत्पादन दायित्व’ म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. जुन्या १९८६ च्या कायद्यात ते नव्हतं. उत्पादनात दोष होता आणि त्याने तुम्हाला इजा झाली, एवढं दाखवलं की उत्पादक जबाबदार. त्याने हलगर्जी केली हे वेगळं सिद्ध करत बसायला नको. इजा म्हणजे आजारपण आणि त्यासोबतचा मनस्तापसुद्धा. मुदत दोन वर्षं. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी पर्वरीचा जिल्हा आयोग. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. सलामीचं पाकीट पाच लाखांच्या आत बसतं असं धरून चालतो.

---

म्हापशेकार

आणि पोलीस? एफआयआर ठोका की सरळ. भेसळीचं कलम आहे.

---

काळा_कोट

भेसळीची ती कलमं आता भारतीय न्याय संहितेत आली आहेत. पण रामनाथ विरुद्ध उत्तर प्रदेश या खटल्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की असुरक्षित अन्नाच्या बाबतीत अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ५९ वरचढ, जुन्या भारतीय दंडविधानातली २७२-२७३ बाजूला. पोलीस स्टेशनात चकरा मारण्यापेक्षा बांबोळीला, अन्न आणि औषध प्रशासनाकडे जावं.

---

कल्चरप्लेट

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. वकीलसाहेबांच्या चौथ्या दुव्याबद्दल बोलते, कारण लोक नेमके तिथेच गडबडतात.

आपल्याला वाटतं, जे शेवटचं खाल्लं त्याने बाधलं. बहुतेक वेळा तसं नसतं. जंतूगणिक वेळ वेगळी. स्टॅफिलोकोकसचं विष तासा-दोन तासांत उलट्या करवतं, फार तर आठ तास. साल्मोनेलाला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत लागू शकतात. लिस्टेरिया तर काही आठवडे थांबतो, सत्तर दिवसांपर्यंतच्या नोंदी आहेत. तेव्हा काय खाल्लं होतं ते माणसाला आठवतही नाही. रविवारी संध्याकाळी खाणं आणि सोमवारी रात्री ताप, हे साल्मोनेलाला नीट बसतं.

दिनूदादा, तीन गोष्टी विचारते. स्टूलचा नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतला होता का? रिपोर्टवर नुसतं ‘साल्मोनेला’ आहे की पुढे प्रकार लिहिलाय? आणि वाढदिवसाला आलेल्यांपैकी काकडी-चीजवाले कोणी आजारी पडले का?

---

डिचोलीचा_दिनू

नमुना दाखल केल्याबरोबर घेतला, औषध नंतर. रिपोर्टवर ‘साल्मोनेला स्पीशीज’ एवढंच आहे, टायफॉइडचा नव्हे असं डॉक्टर म्हणाले. काकडी-चीजवाल्यांपैकी कोणालाच काही झालं नाही, मी मुद्दाम विचारलं. हां, एक शेजारी काका पार्टीतून घरी गेले आणि तासाभरात ओकले. त्यांनी सलामी खाल्ली होती.

---

कल्चरप्लेट

हा तर खजिना आहे. मेयोनीज, लोणी, पाव, केक दोन्ही गटांत सारखंच होतं ना? मग फरक उरतो सलामीचा. कंपनी सगळ्यात आधी मेयोनीजकडे बोट दाखवणार, कारण अंड्यामुळे साल्मोनेलाचा संशय तिकडे सहज वळतो. तुमच्याकडे श्रावण पाळणारा अख्खा गट आहे, ज्यांनी तेच मेयोनीज खाल्लं आणि ठणठणीत राहिले.

आजच वही घ्या. आलेल्या प्रत्येकाचं नाव, वय, काय खाल्लं, काय खाल्लं नाही, त्रास कधी सुरू झाला (तासासकट), काय त्रास, डॉक्टरकडे गेले का. लोकांच्या आठवणी चवथीपर्यंत पुसट होतील. ज्यांना काही झालं नाही त्यांची नोंद आजारी लोकांइतकीच महत्त्वाची. साथीचा तपास करणारे नेमकं हेच करतात.

ते ओकलेले काका मात्र या दाव्यात घेऊ नका. एका तासात साल्मोनेला होत नाही. त्यांचं कारण वेगळं असणार (श्रावणात एकट्याने गाडीत बसून काय घेतलं ते त्यांनाच माहीत). त्यांना यादीत ‘आजारी’ म्हणून धरलंत तर समोरचा वकील तेवढंच उदाहरण घेऊन अख्खी यादी मोडीत काढेल. नोंद प्रामाणिकपणे ठेवा, वेळेसकट, पण दावा नको.

आणि हॉस्पिटलच्या लॅबला लगेच लेखी विनंती करा की वेगळा केलेला जंतू टाकून देऊ नका. बऱ्याच ठिकाणी कल्चर काही काळाने फेकतात. तो असेल तर उपप्रकार ठरवता येतो. कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत साल्मोनेला आणि ई. कोलायचं राष्ट्रीय केंद्र आहे. पाकिटातल्या आणि पोटातल्या जंतूचा उपप्रकार एकच निघाला तर साखळी पक्की होते.

---

साखळीचा_पोसरकार

मी स्वतः दुकानदार. एक बाजू आमचीपण ऐका. कंपनीचा माल आम्ही वितरकाकडून घेतो, पाकीट फोडत नाही, आत काय आहे आम्हाला काय कळणार? पेपरात जाहिरात आली की गिऱ्हाईक आमच्या अंगावर येतं. वितरकाचा माणूस मात्र ‘स्टॉक बाजूला काढून ठेवा, गाडी येईल’ म्हणतो आणि गाडी येत नाही. तोवर जागा आमची अडते.

दिनूभाऊ, बिल आहे का? नसेल तर घाबरू नका. यूपीआयने दिले असतील तर बँकेत तारीख-वेळ-रक्कम आहे. आणि तुमच्या पोसरकाराकडे वितरकाचं जीएसटी बिल असणारच. त्याला दमात घेऊ नका, गोडीने मागा. देईल. मी तरी दिलं असतं.

---

डिचोलीचा_दिनू

यूपीआयने दिले होते, नोंद मिळाली. माझी अडचण हीच आहे की पोसरकार आमच्या वाड्यावरचा, पपांचा शाळासोबती. पपा म्हणतात त्याचं नाव कागदावर नको.

---

काळा_कोट

कायदाही बराचसा पपांच्या बाजूने आहे. ग्राहक कायद्याच्या कलम ८६ प्रमाणे नुसता विकणारा आपोआप जबाबदार होत नाही. त्याने मालात फेरफार केला, स्वतःहून वेगळी हमी दिली, उत्पादक कोण ते कळतच नाही, किंवा माल तपासण्यात-सांभाळण्यात त्याने काळजी घेतली नाही, अशा वेळी तो अडकतो. यातली ‘सांभाळण्यात’ ही गोष्ट सलामीला लागू पडते. रात्री फ्रीज बंद करून घरी जाणारे दुकानदार आपण सगळ्यांनी पाहिलेत. कंपनी तेच म्हणणार, ‘आमच्या कारखान्यातून माल चांगला निघाला, दुकानात खराब झाला.’

म्हणून त्याला औपचारिक प्रतिवादी करावं, त्याच्याकडून पैसे मागू नयेत. तो आला, वितरकाचं बिल दाखवलं, फ्रीज रात्रंदिवस चालू असतो म्हणाला, तर कंपनीची पळवाट बंद. त्याला वगळलंत तर कंपनीच म्हणेल, खरा दोषी पक्ष समोर आणलाच नाही. पपांना हे घरी बसून शांतपणे सांगा, आणि त्याआधी पोसरकाराला. नोटीस पोस्टाने थेट गेली तर संबंध बिघडतील.

बाकी, खुद्द कंपनीच्या जाहिरातीत बॅच सूक्ष्मजैविक निकषांत नापास असं लिहिलंय, ते इथे कामाला येतं. एकाच दुकानाचा फ्रीज बिघडला म्हणून कोणी अख्खी बॅच परत मागवत नाही.

---

न्यूजर्सीची_नमू

माहेर फोंडा, इथे बरीच वर्षं. इकडची पद्धत सांगते, तुलना म्हणून.

२०२४ च्या जुलैत इथे बोअर्स हेड कंपनीच्या डेली मीटमधून (सलामीसारख्या थेट खायच्या मांसातून) लिस्टेरिया पसरला. व्हर्जिनियातल्या जॅरेटच्या कारखान्याचा माल, सत्तर लाख पौंडांहून जास्त परत मागवला. ६१ लोक आजारी, १० मृत्यू. लोकांना हे कळलं कसं? प्रत्येक रुग्णातल्या जंतूचा जनुकीय नकाशा काढतात, १९९६ पासून पल्सनेट नावाचं जाळं आहे. एका राज्यातला रुग्ण आणि हजार मैलांवरचा कारखाना त्यात जुळतात. नकाशा जुळला की कंपनीला ‘कशावरून’ विचारायला फारसं तोंड राहत नाही, बरीच प्रकरणं कोर्टाबाहेर मिटतात. वकील आधी पैसे घेत नाहीत, मिळाले तर त्यातला वाटा घेतात.

आणि इथे माणसं तुरुंगातही गेलीत. २००८-०९ मध्ये पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या शेंगदाण्याच्या मालातून साल्मोनेला पसरला, नऊ मृत्यू. दूषित माल माहीत असून पाठवला हे सिद्ध झालं आणि २०१५ मध्ये मालकाला २८ वर्षांची शिक्षा झाली.

---

काळा_कोट

नमूताई, वाटा घेण्याची पद्धत इथे चालत नाही. निकालातला हिस्सा फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला बंदी आहे. कोणी ‘जिंकलो तर तीस टक्के’ म्हणत आला तर त्याच्यापासून लांब राहा. उलट इथे ग्राहक आयोगात वकिलाची सक्तीच नाही, तक्रारदार स्वतः बोलू शकतो. आणि तक्रारदार स्त्री असेल तर उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. दिनूबाब, आईंनीही ती सलामी खाल्ली असेल आणि त्रास झाला असेल तर हा विचार करा.

---

म्हापशेकार

वकीलसाहेब, सगळं मान्य. पण मॅगीचं काय झालं सांगा ना. केवढा गाजावाजा, देशभर परत मागवली, आणि शेवटी?

---

काळा_कोट

चांगलं उदाहरण काढलंत, आणि दिनूच्याच तालुक्यातलं, कारण नेस्लेचा कारखाना डिचोलीत आहे. ५ जून २०१५ ला एफएसएसएआयने मॅगी परत मागवायचा आदेश दिला, शिसं जास्त म्हणून. गंमत अशी की गोव्याच्या प्रशासनाने तपासलेल्या नमुन्यांत शिसं मर्यादेतच निघालं होतं. १३ ऑगस्टला मुंबई हायकोर्टाने बंदी रद्द केली: कंपनीचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं आणि ज्या लॅबचे अहवाल धरले त्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त नव्हत्या. त्याच महिन्यात केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्राहक आयोगात ६४० कोटींचा दावा लावला. तो एप्रिल २०२४ मध्ये फेटाळला गेला.

म्हापशेकार यातून ‘काही होत नाही’ असं काढतील. मी वेगळं काढतो. खुद्द सरकारचा एवढा मोठा आदेश लॅबच्या मान्यतेवर अडला. मग तुमच्या-माझ्या घरातल्या अर्ध्या पाकिटाचं काय होईल, जर तुम्ही ते पिशवीत घालून कुठल्याही खाजगी लॅबमध्ये नेऊन दिलंत? लॅब रिपोर्टवर लिहिणार, नमुना ग्राहकाने आणून दिला, आम्ही घेतला नाही. समोरचा म्हणणार, फोडलेलं पाकीट, हात लागलेले, घरच्या फ्रीझरमध्ये कच्च्या चिकनशेजारी होतं. खेळ खलास.

म्हणून क्रम असा ठेवा. बांबोळीला अन्न आणि औषध प्रशासनाचं ऑफिस आहे, फुलांच्या खुरसासमोर, धन्वंतरी इमारत. तिथे लेखी तक्रार, सोबत पाकिटाचे फोटो (बॅच, तारीख, परवाना क्रमांक स्पष्ट), हॉस्पिटलचे कागद, पेपरातली जाहिरात. तक्रारीवर पोच घ्या. त्यात स्पष्ट लिहा, की त्याच बॅचची न फोडलेली पाकिटं पोसऱ्यात किंवा वितरकाकडे असतील तर ताबडतोब नमुना घ्यावा. बंद पाकिटाच्या नमुन्याला जे वजन आहे ते तुमच्या अर्ध्या पाकिटाला नाही. साखळीच्या पोसरकारांनी वर सांगितलंच, गाडी उशिरा येते. या एका प्रकरणात तो उशीर तुमच्या फायद्याचा. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने नमुना घेतला की विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो.

अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली खरेदीदार स्वतःही अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, पण त्यासाठी विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. वाढदिवसाची सलामी घेताना असं कोण सांगतं?

पुढे आयोगात तक्रार दाखल झाली की ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली अर्ज करा. आयोग नमुना सीलबंद करून मान्यताप्राप्त लॅबला पाठवू शकतो, ४५ दिवसांत अहवाल मागवतो. तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागेल.

---

डिचोलीचा_दिनू

मागायचं किती? पपांचा मोठा खर्च सरकारी हॉस्पिटलात झाला, म्हणजे बिल किरकोळच आहे. काही दीनदयाळ स्वास्थ्य योजनेतून गेलं. मग भरपाई कशाची?

---

काळा_कोट

बिल कमी म्हणजे इजा कमी, असं नसतं. डायलिसिसच्या उंबरठ्यावर गेलेला माणूस, त्याच्या वेदना, पुढे लागणाऱ्या तपासण्या, तुमच्या बायकोची बिनपगारी रजा, येण्याजाण्याचं भाडं, घरच्यांचा मनस्ताप, तक्रारीचा खर्च. प्रत्येकाचा आकडा वेगळा मांडा आणि जमेल तिथे कागद जोडा. डिस्चार्ज कार्डावर क्रिएटिनिनचे आकडे आहेत का बघा. नसतील तर लॅब रिपोर्टच्या प्रती आत्ताच काढून घ्या.

फुगवू नका. ‘५० लाख’ लिहिणारे तक्रारदार मी पाहिलेत, आयोगाचे सदस्य पहिल्या पानावरच चष्मा काढून ठेवतात.

वेळेबद्दल खोटी आशा दाखवत नाही. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. एक चांगलं आहे: कंपनीला उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितलंय की ४५ च्या पुढे एक दिवसही वाढवता येत नाही. कंपन्यांचे वकील इथे घसरतात.

---

शेवंती_काणकोण

माझा प्रश्न थोडा वेगळा. जत्रेत गोबी मंच्युरियन खाऊन आमच्याकडे सगळे आडवे झाले होते. तिथे ना बॅच, ना पाकीट. त्याचं काय?

---

म्हापशेकार

त्यासाठी आमच्या म्हापशाच्या पालिकेने २०२४ मध्ये उपाय काढलाय ना. गोबी मंच्युरियनवरच बंदी!

---

काळा_कोट

शेवंतीताई, तिथे परत मागवण्याचा प्रश्न येत नाही, कारण मागवायला काही उरतच नाही. दावा होऊ शकतो, सदोष सेवा म्हणून, पण जत्रा उठली की गाडेवाला कुठे शोधणार? अशा वेळी त्याच रात्री प्रशासनाला आणि आरोग्य केंद्राला कळवणं एवढंच हातात असतं. हॉल घेऊन केलेल्या लग्नात केटररचं बिल असतं, तिथे मात्र जरूर लढावं.

---

शेवंती_काणकोण

आणि दिनूभाऊंकडची शेजारची दोन पोरं? त्यांनी तर पाकीट विकत घेतलेलं नाही, पाहुणे म्हणून खाल्लं.

---

काळा_कोट

चालतं. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वापरणाराही कायद्याने ग्राहकच. विलायतेत १९३२ साली पेस्लीच्या कॅफेतल्या जिंजर बिअरचा खटला गाजला, बाटलीत गोगलगाय निघाली म्हणून. ती बाटली पिणाऱ्या बाईंनी नाही, मैत्रिणीने विकत घेतली होती, तरी उत्पादकाची जबाबदारी मान्य झाली. आपल्याकडे ते थेट व्याख्येतच आहे. पोरं अज्ञान (अल्पवयीन), म्हणून त्यांच्या वतीने आईवडील. सगळ्यांचं हित एकच असेल तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. पण माझं मत, पपांची तक्रार स्वतंत्र ठेवा. त्यांच्याकडे कल्चर आहे, पोरांकडे नाही. पोरांच्या घरच्यांनी प्रतिज्ञापत्रं द्यावीत, तीच पपांच्या दाव्याला टेकू होतील.

---

डिचोलीचा_दिनू

मंडळी, देव बरें करूं. यादी बनवायला घेतली आहे. पोसरकाराशी बोललो, त्याने स्वतःहून वितरकाचं बिल काढून दिलं आणि सांगितलं की त्याच्याकडे त्या बॅचची काही बंद पाकिटं अजून पडून आहेत, गाडी आलेली नाही. पपा थोडे नरमलेत.

एक नवीन अडचण. उद्या आमच्याकडे लाईन दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नाही, असा निरोप आलाय. फ्रीझरमधलं पाकीट वितळेल.

---

साखळीचा_पोसरकार

मासळीवाल्याकडून थर्माकोलचा डबा आणि बर्फ घ्या. आणि तुमच्या पोसरकाराला सांगा, बंद पाकिटांचाही तोच प्रश्न आहे, त्याचा फ्रीजही बंदच असणार.

---

कल्चरप्लेट

गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही, तेव्हा आत्तापर्यंतचं ठीक. पण वितळून पुन्हा गोठवू नका, नंतर जंतूंची संख्या विचारली तर घोळ होईल. बर्फाचं पाणी पाकिटात जाता कामा नये, आधी दोन पिशव्यांत घालून बांधा, वर तारीख-वेळ लिहा. मासळीचा डबा असेल तर आतून धुऊन, नवीन प्लास्टिक अंथरून.

---

काळा_कोट

डबा भरायचाच असेल तर घरी कशाला ठेवता? सकाळी ऑफिस उघडताना बांबोळीला हजर व्हा, तक्रार द्या, पाकीट त्यांच्या ताब्यात देऊन पोच घ्या. पोचवर बॅच नंबर आणि पाकिटाची अवस्था लिहून मागा. आणि पोसऱ्यातल्या बंद पाकिटांचं तिथेच तोंडी सांगू नका, तक्रारीत लिहा, दुकानाच्या पत्त्यासह. वितरकाची गाडी उद्याच येऊ शकते.